पंख्याची जाळी

गोठिवलीत आमच्या घरामागं
अजून अकरा फूट माती शिल्लक आहे.
बाकी सगळ्यावर खोल्या चढल्या, भाडेकरू चढले,
त्यांच्या डोक्यावर टाक्या.
अळू, एक शेवगा, धुण्याचा दगड,
एवढ्यालाच आम्ही परसू म्हणतो.

नवरात्रात सातव्या माळेला, भर दुपारी,
ती तळ्याकडून आली.
गटाराच्या फुटक्या झाकणाशी थांबली, मग शेवग्याखाली.
मागच्या पायांनी तासभर उकरत राहिली,
पाठमोरं बसून भांडी घासावीत तशी.
दारामागून मी मोजली : नऊ.
तिनं माती लोटली, पोटानं थापली
आणि गेली.

कीर्तनात ऐकलं होतं,
कासवी नुसत्या नजरेनं पिलं वाढवते.
ही तर वळूनसुद्धा बघेना.
मग बघायचं कुणी?

पहिल्याच रात्री घूस.
सकाळी दोन टरफलं, नखांचे ओरखडे.
माळ्यावरचा बंद पडलेला टेबलपंखा काढला,
त्याची जाळी उपडी घातली, वर पाटा ठेवला.
घूस खालून आली.
मग चहूबाजूंनी वीतभर चर खणला
आणि मोरीच्या फुटक्या लाद्या उभ्या गाडल्या.
वनखात्याला फोन लावला तर म्हणाले,
आहेत तिथंच राहू द्या.
जून उजाडेल, बाई.

दीर हसुराम म्हणाला,
"लादी टाकाची हाय. गारी खय उभी करू?"
म्हटलं, जूनपर्यंत थांबा, सात भाडेकरू आहेत इथं.
"डिपॉझिट कवरा?"
आणि स्वतःच हसला.
पण रेतीचा ट्रक त्यानं परत पाठवला.

मुंगसाची मादी यायची उन्हं कलताना,
मागं दोन पिलं.
जाळीभोवती एक फेरी, मग उभी राहून माझ्याकडं टक लावायची.
तिचं बीळ होतं तिथं आता एटीएम आहे.
मी झाडू आपटायचे.
आपटताना दरवेळी हात जरा जड व्हायचा.

एकदा भारद्वाज उतरला,
तांबडे पंख, लाल डोळा.
सासूबाईंनी घाईघाईनं हात जोडले :
"बग, बग, चांगलं व्हनार!"
तो जाळीतून चोच आत घालत होता.
मी चप्पल फेकून मारली
शुभशकुनाला.
तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

जूनच्या दुसऱ्या रात्री
तिसऱ्या मजल्यावरचा सोरेन मोटर लावून झोपला.
टाकी वाहिली, भिंतीवरून, पायपातून,
सगळं पाणी शेवग्याखाली.
साडेतीनला मी शिव्यांची तयारी करूनच बाहेर आले,
टॉर्च मारला
तर चिखल हलत होता.

ज्या जाळीनं आठ महिने सगळ्यांना बाहेर ठेवलं
तिच्याच तारांत
रुपयाएवढी पाठ अडकली होती,
चारी पाय हवेत पोहत होते.
पाटा एकटीला उचलेना.
सोरेन धावत आला, अनवाणी,
"सॉरी आंटी, सॉरी आंटी" करत,
आणि बघून गप्प झाला.

पाच निघाली.
सहाव्याला आधीच मुंग्या लागल्या होत्या.
सातवं अंडं तसंच, गार.

घमेल्यात ओली माती, तिच्यावर पाच जीव.
पुढं सोरेनचा टॉर्च,
मागं हसुराम, हाफपँटवर, कुत्र्यांसाठी काठी घेऊन.
त्याला कुणी उठवलं, माहीत नाही.
तळ्याच्या शेवटच्या पायरीवर घमेलं कलतं केलं.
चार सरळ गेली.
एक काठावर बसून राहिलं बराच वेळ.
कठड्यावर रातबगळा होता.
मी हात उगारला, मग खाली घेतला.
तेवढ्यात पाणी हललं,
पिलू दिसेना.
बगळा जागचा हलला नव्हता, एवढं मी बघितलं.

गणपतीनंतर लादी पडलीच.
शेवग्याखाली मात्र हसुरामनं तीन फुटांचा चौकोन सोडला.
"झार मरंल," म्हणाला,
दुसरं काही नाही.

मुंगसाची मादी आता तिथं येऊन बसते.
जाळी खुंटीला टांगली आहे.
मी धुणं आपटते,
ती माझ्याकडं बघते,
मी तिच्याकडं.